चारचा आवाज

बाबांनी हात वर केला की मी मशीन थांबवायचं, असा आमच्या घरातला कायदा आहे. बाही अर्धी जोडून झालेली असो, सुई कापडात रुतलेली असो, त्याचं बाबांना काही नाही. माझ्या शिलाई मशीनची मोटर त्यांच्या रेडिओ स्कॅनरमध्ये खरखर घालते, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय की ती मोटर मी मुद्दाम तसली शोधून आणली असावी, असं आता मलाही वाटायला लागलंय. त्या दिवशीही चार वाजत आले आणि हात वर झाला. शाळेच्या गणवेशांचा ढीग पुढ्यात, दुकानाचा माणूस संध्याकाळी दारात उभा राहणार, आणि मी हातावर हात ठेवून बसले.

आई केव्हाचीच खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या डोळ्यांनी कधीच दगा दिलाय, समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसतं. तरी चारच्या आधी ती तोंड धुते, केसांवरून कंगवा फिरवते. तो काय तिकडून बघणार आहे का तुला, असं मी एकदा विचारलं होतं. तू तुझं शिव, असं उत्तर मिळालं.

तो म्हणजे माझा भाऊ, आमचा धाकटा. माझ्याहून पुष्कळ लहान, त्यामुळे अर्धा मीच वाढवलेला. माझ्या जिभेवरून त्यानं माझं नाव टाचणी ठेवलं. जगात दुसरं कुणी मला त्या नावानं हाक मारत नाही, मारली तर मी खपवूनही घेणार नाही.

बाबा आयुष्यभर बंदराच्या वायरलेस खोलीत कानाला हेडफोन लावून बसले. निवृत्त झाल्यावर बाकीचे म्हातारे नातवंडं खेळवतात, सुनांच्या कागाळ्या करतात. आमच्याकडे ना सून ना नातवंड, आणि मी ही अशी, लग्नाचं वय शिवणात घालवलेली. मग बाबांनी स्कॅनर आणला. टेबलावर मावेल एवढा काळा डबा, पुढे आकड्यांचा छोटा पडदा आणि एक गोल बटण.

सुरुवातीला गंमत वाटायची. विमानं ऐकायची तर एएम, बंदरातल्या बोटी ऐकायच्या तर एफएम, लांब समुद्रातली जहाजं ऐकायची तर साइडबँड. मोड चुकला की माणूस बोलतोय की बदक ओरडतंय तेच कळत नाही. आणि मोड बरोबर लागला तरी पाऊलही बरोबर असावं लागतं. बटणाच्या एका खटक्याला आकडा किती पुढे सरकवायचा, त्याला बाबा पाऊल म्हणतात. डब्यावर स्टेप लिहिलंय. पाऊल मोठं ठेवलं तर डबा मधल्याच एखाद्याला ओलांडून पुढे निघून जातो आणि तो बिचारा तिथे आपला बोलतच राहतो.

धाकट्याला बाबांनीच ओळखी काढून जहाजावर चिकटवला, वायरलेसच्याच कामाला. आपल्याला जे मानवलं ते मुलालाही मानवेल, असं बापांना का वाटतं कोण जाणे. धाकट्याला ते जहाज कधी सोसलंच नाही. शेवटचा घरी आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "मला नाही राहवत तिथे, बाबा. जीव गुदमरतो."

बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "नोकरी सोडलीस तर या घराची पायरी चढायची नाही."

धाकटा हात धुऊन उठला. दुसऱ्या दिवशी जहाजावर परत गेला आणि त्यानं घरी फोन करणं बंद केलं. आम्ही केला तर उचलेना, पुढे नंबरच बदलला. आईनं मग बाबांशी बोलणं टाकलं. भांडली नाही, रडली नाही. पाणी हवं असलं तरी मला सांगायची, बाबा शेजारी बसलेले असले तरी. बाबांसारखा खमक्या माणूस त्या गप्प बसण्यानं पार खंगला.

माफी मागणं बाबांच्या रक्तात नाही. त्यांनी जहाज शोधायला घेतलं. कंपनीची सगळी जहाजं रोज चार वाजता किनाऱ्यावरच्या ऑफिसला रिपोर्ट देतात, एवढं त्यांना जुन्या ओळखीतून कळलं होतं. कुठल्या आकड्यावर, ते कुणी सांगेना. मग रोज दुपारी बटण फिरवत बसायचे. आधी मोठ्या पावलानं सगळा पट्टा पालथा घातला, हाती काही लागलं नाही. मग पाऊल लहान केलं, त्याहून लहान केलं, आणि एका दुपारी दोन खरखरींच्या मधून आमचा धाकटा बोलायला लागला. वारा नैऋत्येचा, समुद्र मध्यम, इंजिन ठीक, सर्व ठीक.

समुद्र मध्यम आहे हे ऐकून ढसाढसा रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. रडून झाल्यावर आईनं बाबांना विचारलं, "उद्याही लागेल का हो?" तिचा तो पहिला शब्द. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच बसले.

तेव्हापासून चार वाजता घर थांबायला लागलं. वाक्यं ठरलेली, त्यांत त्याचं स्वतःचं काही नाही. इकडून आपल्याला काही बोलताही येत नाही, डब्याला नुसता कान आहे, तोंड नाही. पण आईला तेवढंच पुरायचं. आज दमलाय, आज नीट जेवलेला दिसत नाही, असं काय काय तिला त्या वाऱ्या-समुद्रातून कळायचं. साइडबँडची एक खोड बाबांनी तिला समजावून सांगितली होती. जहाजावरून आवाज सबंध पाठवत नाहीत, अर्धाच पाठवतात. बाकीचा आपल्या डब्यानं भरून काढायचा. बटण इकडचं तिकडे झालं की शब्द तेच राहतात, पण जाड आवाजाचा माणूस किनरा होतो आणि किनऱ्याचा जाड. त्यातला खरा कुठला हे डब्याला माहीत नसतं. ज्यानं तो माणूस जवळून ऐकलाय त्यालाच ते समजतं. आई मग खुर्चीतून सांगायची, जरा वर, हां, आता आला.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी भलताच माणूस बोलला. जहाज तेच, वाक्यं तीच, घसा दुसऱ्याचा. बाबांनी ताबडतोब बटण फिरवून सगळी खरखर करून टाकली आणि आज हवा वाईट आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कंपनीला फोन केला. दुपारी मला जिन्यात गाठलं. कठडा धरून उभे होते. धाकटा मागच्या बंदरावर उतरला, हिशेब मिटवून, सामान घेऊन निघून गेला. कुठे, ते कंपनीला काय ठाऊक.

"घरी कसा येईल," बाबा म्हणाले. "मीच सांगितलंय ना, यायचं नाही म्हणून."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. आईला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. ती परत बोलायची बंद होईल, याची त्यांना मरणाची भीती. मी विचारलं, मग आज चार वाजता काय करणार? म्हणाले, बघतो.

चार वाजता त्यांनी सगळ्यांत लहान पाऊल लावलं. आधी हेडफोनवर तो नवा माणूस ऐकला. जाड, भरड्या घशाचा होता. मग एकेक खटका करत त्याचा आवाज वर चढवत नेला, चढवत नेला, थेट धाकट्यापर्यंत, आणि मग स्पीकर सुरू केला. वारा उत्तरेचा, समुद्र शांत, सर्व ठीक. आई कान देऊन ऐकत होती.

"सर्दी झालीय वाटतं त्याला," ती म्हणाली आणि खुर्चीला टेकली.

मी स्वयंपाकघरात गेले. हसावं की रडावं कळेना, मग रडले.

असं ते सुरू झालं आणि सुरूच राहिलं. बाबांचा हात रोज बसत गेला. पण त्यांचे कान आयुष्यभराच्या हेडफोननी खाल्लेले, आणि मनातला धाकटा त्यांच्या कानांपेक्षा जुना. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की आवाज वर वर सरकतोय. आधी जहाजावरचा धाकटा होता, मग तो कॉलेजातला झाला, आणि हल्ली तर कंठ फुटायच्या आधीचा, दप्तर फेकून खेळायला पळणारा पोरगा इंजिन ठीक असल्याचं सांगायला लागला होता. रोजचा फरक इतका थोडा की आईला तो जाणवत नव्हता. मी एकदा बाबांना म्हटलं, तुम्ही त्याला लहान करताय. म्हणाले, मला तो असाच ऐकू येतो.

आता त्या दिवसाचं सांगते. त्याआधी एक सांगायला हवं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना मागे एक फोन आला होता. आई, मी फार अडचणीत आहे, म्हणून कुणीतरी रडलं आणि बाईंनी होतं नव्हतं ते पाठवून दिलं. बाईंचा मुलगा पलीकडच्या खोलीत घोरत होता. हे ऐकल्यावर मी आईच्या मागे लागले. तिचा फोन तिच्या मांडीवरच असतो, दिसत नाही तरी चाचपून उचलते. मी तिला अगदी पढवून ठेवलं, आवाजावर जायचं नाही, हल्ली आवाजही हुबेहूब काढतात. आधी विचार करायचा की आपला माणूस आत्ता कुठे आहे. तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तशी हुशार आहे ती.

तर चार वाजले. बाबांनी खटके मोजत आवाज जागेवर आणला आणि स्पीकर लावला. पोरगा बोलायला लागला, वारा पश्चिमेचा. तेवढ्यात आईच्या मांडीवरचा फोन वाजला. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच वाजवला. आईनं उचलला.

"कोण?" ती म्हणाली. मग, "कोण मी?"

तिची मान पुढे आली. तिनं फोन कानावर घट्ट दाबला. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मी जागची उठलेच. मग ती थांबली. तिनं मान वळवून स्कॅनरकडे कान केला. समुद्र मध्यम, पोरगा सांगत होता. ती ऐकत राहिली, एका कानानं तो, एका कानानं हा. आणि तिचा चेहरा मिटला.

"हे बघ," ती फोनमध्ये म्हणाली, अगदी शांतपणे, "माझा मुलगा जहाजावर आहे. आत्ता माझ्यासमोर बोलतोय तो. आयांना असं फसवताना तुला काहीच वाटत नाही का रे?" पलीकडचं काही ऐकून घेतलं. "रडू नकोस. तुझीही कुणी आई असेल. परत इथे फोन करू नकोस."

आणि तिनं चाचपून बटण दाबलं. डब्यातून सर्व ठीक म्हणून झालं आणि रिपोर्ट संपला.

"पकडला की नाही?" आई मला म्हणाली. खूश होती. "तू सांगितलंस तस्संच केलं. आणि मेले माहिती तरी किती काढतात बघ. म्हणतो, टाचणीला दे."

माझ्या हातातली कात्री कुठे पडली ते मला आठवत नाही. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण एवढं आलं होतं.

दुकानाच्या माणसाला फोन करायचाय म्हणून मी आईचा फोन घेऊन जिन्यात गेले, बाबा माझ्या पाठोपाठ. आलेला नंबर लावला. कुणा भल्या माणसानं उचलला. म्हणाला, माझा बसस्टँडवर वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे, एकानं मागितला म्हणून दिला फोन. गावाचं नाव सांगितलं. आमच्यापासून तासाभरावरचं.

"आधी तुमच्या गावाची गाडी कुठे लागते ते विचारत होता," तो म्हणाला. "मग म्हणाला, घरी एकदा विचारून घेतो, येऊ का म्हणून. बोलला, फोन परत दिला, थोडा वेळ बाकावर बसला. आता दिसत नाही."

मी विचारलं, कुठल्या गाडीत बसला?

"अहो ताई, इथून सगळीकडे गाड्या जातात."

बाबा तसेच चपला घालून निघाले. आईला सांगायला सांगून गेले, स्कॅनरची वायर आणायला गेलोय. दिवेलागण झाल्यावर परत आले. हातात खरंच एक वायर होती. बाकडी पाहिली, मुताऱ्या पाहिल्या, कंडक्टरांना विचारलं, म्हणाले. कसा दिसतो असं लोक विचारायचे आणि बाबांना सांगता येईना. इतक्या दिवसांत त्यांनी त्याला नुसतं ऐकलं होतं, तेही त्याला नाही.

"तिला सांगून टाकू?" त्यांनी मला विचारलं. जिन्यातच, कठडा धरून.

काय सांगणार होतो? की रोज चारला तू ज्याला बाळा म्हणतेस तो कोण कुठला आहे, आणि ज्याला परत फोन करू नकोस म्हणालीस तो तुझा? धाकटा घरी येऊ का विचारत होता आणि त्याच्या आईनं, स्वतःच्या तोंडानं, नाही म्हटलं. बाबांनी एकदा दार लावलं होतं, आम्ही दोघांनी मिळून तिच्या हातून दुसऱ्यांदा लावलं. हे कळल्यावर ती गप्प झाली तर परत कधी बोलणार नाही. आणि मी तिला दोष देणार नाही. मी म्हटलं, नका सांगू. आमची दोघांचीही तोंडं कायमची शिवली गेली, आणि शिवण माझंच.

त्या रात्री आई चांगली जेवली. खालच्या शिक्षिकाबाईंना वर बोलावून तिनं सगळा किस्सा दोनदा सांगितला. बाई म्हणाल्या, तुमच्यासारखं धैर्य मला झालं नाही हो. बाबा आतल्या खोलीत होते. नळ वाहत होता. पाण्याच्या एका थेंबावरून घर डोक्यावर घेणारा माणूस, पण नळ वाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांचा हात वर झाला नाही. मशीन मीच थांबवलं. ते टेबलाशी नुसते बसून होते. आईनं दोनदा विचारलं, लावताय ना? मग त्यांनी डबा सुरू केला, साइडबँड लावला, सगळ्यांत लहान पाऊल लावलं, आणि सवयीनं आवाज चढवत नेला त्या शाळकरी पोरापर्यंत.

"किती चिरका येतोय आज," आई म्हणाली. "खाली घ्या जरा."

बाबांनी एक खटका खाली घेतला.

"अजून. तो काय एवढासा आहे का आता?" ती डोळे मिटून ऐकत होती. "त्या कालच्या मेल्यानं बघा किती हुबेहूब काढला होता. अगदी आत्ताचा. जरा बसलेला, थकलेला. अजून खाली घ्या. अजून. अहो, घ्या हो. आता एकच… हां. थांबा. असा."

बाबांचा हात थांबला. स्पीकरमधून एक माणूस बोलत होता. तरणा नव्हता. घसा सुकलेला, शब्दांच्या कडा झिजलेल्या. असा आवाज आमच्या घरात आम्ही कधी ऐकला नव्हता.

"काल असा होता?" बाबांनी विचारलं.

"अगदी असा," आई म्हणाली.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले, आणखी वाकले, आणि त्यांनी आपला बरा कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. आत तो परका माणूस वाऱ्याची दिशा सांगत होता.